एकोणीस गावे, एकोणीस राज्ये : न्यू मेक्सिकोचे प्वेब्लो लोक

न्यू मेक्सिकोला जाणारी आपली मंडळी बहुधा सांता फे बघतात, ऑक्टोबरात गेली तर अल्बुकर्कीचे बलून बघतात, व्हाइट सँड्सच्या पांढऱ्या वाळूत मुलांना घसरू देतात आणि परत येतात. वाटेत हायवेवर कुठल्यातरी 'प्वेब्लो'ची पाटी लागते, तिच्याशेजारी कसिनोची त्याहून मोठी पाटी लागते, आणि इथे इंडियन लोकांचे रिझर्व्हेशन असणार एवढे म्हणून आपण पुढे जातो. आम्हीही दोन वेळा असेच पुढे गेलो. तिसऱ्या खेपेला मागच्या सीटवरून प्रश्न आला, "बाबा, हे आपल्यासारखे इंडियन का?" नाही, एवढे सांगून झाले. पण मग कोण, हे काही सांगता येईना. घरी आल्यावर वाचायला घेतले आणि वाचतच राहिलो. सुट्टीत तिकडे जाणाऱ्या सभासदांना उपयोगी पडावी म्हणून ती माहिती इथे देत आहोत.

आधी नावाचा खुलासा करू. प्वेब्लो हे जमातीचे नाव नव्हे. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ नुसता 'गाव'. सोळाव्या शतकात मेक्सिकोकडून वर आलेल्या स्पॅनिश लोकांना इथे तंबूत राहणारे शिकारी भेटले नाहीत. भेटले ते मातीच्या कच्च्या विटांची, एकाला एक लागून, दोन-तीन मजले चढवलेली घरे बांधून राहणारे शेतकरी. मधे चौक, चौकाजवळ जमिनीत खोदलेली गोल किंवा चौकोनी देवघरे (यांना 'किवा' म्हणतात), आणि गावाबाहेर मका, घेवडा आणि भोपळ्याची शेते. त्यामुळे यांना गाववाले हेच नाव पडले आणि ते आजतागायत चिकटून आहे.

आज न्यू मेक्सिकोत अशी १९ प्वेब्लो आहेत. शिवाय ॲरिझोनात होपी लोकांची गावे आहेत आणि टेक्सासमध्ये एल पासोजवळ एक, इस्लेता देल सुर. ही १९ गावे म्हणजे एका राज्याचे एकोणीस वॉर्ड नव्हेत. प्रत्येकाचा स्वतःचा गव्हर्नर, स्वतःचे मंडळ, स्वतःचे कायदे आणि स्वतःची जमीन. अमेरिकन सरकार प्रत्येकाशी वेगळा व्यवहार करते. त्यातली काही गावे लोकसंख्येने आपल्याकडच्या एखाद्या खेड्याएवढी आहेत. सर्वांत मोठ्यांपैकी एक असलेल्या झुनीची वस्तीही दहा हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावाला राज्य म्हणायचे हे आपल्याला जरा विचित्र वाटते, पण ते शब्दशः खरे आहे.

भाषा किती?

पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा लोकांची कानो, कात्सिना, झारिया अशी तटबंदीची नगरराज्ये होती हे काहींनी वाचले असेल. ती एकमेकांशी लढत, व्यापार करत, पण सगळ्यांची भाषा एकच, हौसा. पुढे १८०४ मध्ये उस्मान दान फोदियो यांनी सुरू केलेल्या युद्धात ती सर्व एका मोठ्या सत्तेखाली गेली. प्वेब्लोंच्या बाबतीत दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. ती कधी एका राजाखाली आली नाहीत, आणि त्यांची भाषाही एक नाही.

ॲकोमा, लगुना, कोचिती, सँटो डोमिंगो, सान फेलिपे, सांता आना आणि झिया या सात गावांची भाषा केरेस. ताओस, पिकुरिस, सांदिया आणि इस्लेता यांची तिवा. ओके ओविंगे, सांता क्लारा, सान इल्देफोन्सो, नाम्बे, पोहाके आणि तेसुके या सहांची तेवा. हेमेझ या एकट्या गावाची तोवा. झुनीची झुनी. तिवा, तेवा आणि तोवा या आपसांत बहिणी आहेत, म्हणजे मराठी, गुजराती, बंगाली आहेत तशा. पण केरेसचे जगातल्या कुठल्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही, आणि झुनीचेही नाही. होपी तर तिसऱ्याच कुळातली, मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांच्या भाषेची दूरची नातेवाईक. म्हणजे सांता फेहून निघून दोन-तीन तासांच्या ड्राइव्हमध्ये आपण इतक्या वेगळ्या भाषा ओलांडतो की पुण्याहून चेन्नईला जातानाही तेवढे अंतर पडत नाही. घरे सारखी, पिके सारखी, नाच आणि सण बरेचसे सारखे, आणि शेजारच्या गावाची भाषा मात्र कळत नाही.

आधीचा काळ

यांचे पूर्वज उत्तरेला आणि पश्चिमेला राहत. चाको कॅन्यनमध्ये साधारण इ.स. ८५० ते ११५० या काळात त्यांनी दगडी इमारती उभ्या केल्या. त्यांतल्या 'प्वेब्लो बोनितो' या एका इमारतीत सहाशेहून अधिक खोल्या होत्या. पुढे कोलोरॅडोतल्या मेसा वर्दे इथे कड्याच्या कपारीत घरे बांधली गेली. १२७६ पासून तिथे सुमारे वीस-बावीस वर्षांचा दुष्काळ पडला. हे इतक्या नेमकेपणाने सांगता येते ते जुन्या तुळयांच्या लाकडातली वर्तुळे मोजून. तेराव्या शतकाच्या अखेरीस लोक तिथून उठले आणि रिओ ग्रान्दे नदीच्या खोऱ्यात व आसपास वसले. पार्कातल्या जुन्या पाट्यांवर आणि पुस्तकांत या पूर्वजांना 'अनासाझी' म्हटलेले आढळते. तो नावाहो लोकांचा शब्द आहे आणि प्वेब्लो लोकांना तो आवडत नाही. मुलांना शाळेच्या प्रोजेक्टसाठी मदत करत असाल तर हे लक्षात ठेवा. तसेच "ते लोक गूढरीत्या नाहीसे झाले" हे वाक्यही खोडून टाका. ते नाहीसे झाले नाहीत. हायवेच्या त्या पाटीच्या आत राहतात.

स्पॅनिश लोक प्रथम १५४० मध्ये कोरोनादोबरोबर आले, ते सोन्याच्या सात नगरांच्या अफवेवर. त्यांना झुनीचे हाविकु हे गाव सापडले. लढाई झाली, गाव पडले, सोने मिळाले नाही. कायमची वसाहत करायला १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते आला. त्याने ओके ओविंगेच्या लोकांकडे आसरा घेतला आणि गावाला सान हुआन हे नाव देऊन टाकले. गावाने आपले जुने नाव अधिकृतपणे परत घेतले ते २००५ मध्ये!

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ॲकोमा इथे ठिणगी पडली. ॲकोमा हे सुमारे ३६५ फूट उंच खडकाच्या माथ्यावर वसलेले गाव. आपल्याला पाहताक्षणी एखादा गडच वाटतो. अन्नधान्य मागायला वर गेलेल्या स्पॅनिश तुकडीशी चकमक झाली आणि ओन्यातेचा पुतण्या मारला गेला. जानेवारी १५९९ मध्ये सूड घेण्यात आला. सुमारे आठशे माणसे मेली. उरलेल्यांवर खटला चालवून पंचविशीपुढच्या पुरुषांचा एक पाय तोडण्याची आणि वीस वर्षांच्या गुलामीची शिक्षा ठोठावली गेली. पुढे खुद्द स्पॅनिश सरकारने १६१४ मध्ये ओन्यातेला क्रौर्याबद्दल दोषी ठरवून न्यू मेक्सिकोतून हद्दपार केले, पण ॲकोमाने हे विसरायचे ठरवले नाही. ओन्याते आल्याला चारशे वर्षे होत असताना, १९९७-९८ च्या हिवाळ्यात, एस्पान्योलाजवळच्या त्याच्या घोड्यावरच्या पुतळ्याचा उजवा पाय रातोरात कुणीतरी कापून नेला. २०२० मध्ये तो पुतळाच तिथून हलवला गेला.

गाठींची दोरी

आता ज्या घटनेमुळे आम्ही हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

साल १६८०. हे वर्ष मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, प्वेब्लो लोकांनी स्पॅनिश सत्ता उलथून टाकली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे उघड आहे. पण आम्हाला काळ डोळ्यांपुढे आणायला या योगायोगाची मदत झाली.

कारणे अनेक साचली होती. वेठबिगार, धान्याची सक्तीची वसुली, साथीचे रोग, दुष्काळ. आणि त्यावर धर्माचा जाच. किवा उद्ध्वस्त करायच्या, नाचाचे मुखवटे जाळायचे. १६७५ मध्ये गव्हर्नर त्रेविन्योने ४७ धर्मप्रमुखांना पकडून आणले, काहींना फाशी दिले, बाकीच्यांना चाबकाने फोडले. फटके खाल्लेल्यांत ओके ओविंगेचा पोपे हा होता. सुटल्यावर तो ताओसला गेला आणि तिथल्या किवेत बसून त्याने पाच वर्षांत उठाव बांधला.

अडचण अशी की गावे दोन डझनांहून अधिक, अंतर काही शे मैल, घोडे स्पॅनिशांकडे, लिपी नाही आणि भाषा निरनिराळ्या. निरोप पाठवायचा कसा? पोपे आणि त्याच्या साथीदारांनी दोरीला गाठी मारल्या आणि ती पळणाऱ्या जासूदांबरोबर गावोगाव पाठवली. रोज एक गाठ सोडायची. गाठी संपल्या की तो दिवस. गाठ तिवात, केरेसमध्ये आणि होपीत सारखीच वाचली जाते! ९ ऑगस्टला तेसुकेचे दोन तरुण जासूद पकडले गेले आणि बेत फुटला, तेव्हा ठरल्या दिवसाची वाट न बघता १० ऑगस्टलाच उठाव झाला. सुमारे चारशे स्पॅनिश माणसे मारली गेली, त्यांत २१ पाद्री होते. सांता फेला वेढा पडला, पाणी तोडले गेले, आणि २१ ऑगस्टला गव्हर्नर ओतेर्मिन उरलेल्या लोकांना घेऊन बाहेर पडला. सुमारे दोन हजार माणसे एल पासोपर्यंत मागे हटली. वेढा पडलेला तो वाडा अजून सांता फेच्या चौकात उभा आहे. ज्या ओसरीत प्वेब्लो आणि इतर आदिवासी कारागीर जमिनीवर कापड पसरून चांदीचे आणि फिरोज्याचे दागिने विकतात, तीच ती जागा. आपल्यातल्या अनेकींनी तिथे घासाघीस केलेली आहे.

त्यानंतर बारा वर्षे स्पॅनिश परत येऊ शकले नाहीत. पण गावे एकत्रही राहिली नाहीत. शत्रू गेल्यावर प्रत्येक गाव आपल्या वाटेने गेले, आणि पोपेची हुकमत कुणी फार काळ मानली नाही. १६९२ मध्ये दिएगो दे वार्गास परत आला, १६९६ मध्ये आणखी एक उठाव झाला, तो मोडला गेला. म्हणून काही जण या बंडाला अयशस्वी म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. परत आलेल्या स्पॅनिशांनी जुनी सक्तीची वसुली पुन्हा लादली नाही, आणि किवांकडे काणाडोळा केला. आज गावात चर्च आणि किवा शेजारी शेजारी उभी दिसतात ती त्या गाठींमुळे. कॅपिटॉलमध्ये प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात, त्यांतला शंभरावा, म्हणजे संग्रह पूर्ण करणारा पुतळा २००५ मध्ये न्यू मेक्सिकोने दिला. तो पोपेचा. हेमेझचे शिल्पकार क्लिफ फ्रागुआ यांनी तो घडवला. वॉशिंग्टनला गेलात तर पुतळ्याच्या हाताकडे बघा. गाठींची दोरी आहे.

काठ्या, जमीन आणि मत

गव्हर्नरपदाची खूण म्हणजे काठी. पहिली काठी सतराव्या शतकात स्पेनच्या राजाकडून आली, दुसरी मेक्सिकोकडून, आणि तिसरी अब्राहम लिंकनकडून. लिंकनच्या काठीला चांदीची मूठ असून तिच्यावर त्याचे नाव आणि १८६३ हे साल कोरले आहे. नव्या वर्षी नवा गव्हर्नर येतो तेव्हा या काठ्या त्याच्या हाती दिल्या जातात. राज्यकर्ते बदलले, काठ्यांची संख्या वाढली, एवढेच.

काठी देणारे जमीनही राखतील असे मात्र नव्हते. ताओसच्या लोकांचे पवित्र सरोवर, ब्लू लेक, १९०६ मध्ये सरकारी जंगलात घातले गेले. भरपाईचे पैसे देऊ केले होते, ते गावाने नाकारले. सरोवरच हवे म्हणाले, आणि चौसष्ट वर्षे म्हणत राहिले. १५ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही करून ४८,००० एकर जमीन परत दिली. मतदानाचा हक्कही असाच उशिरा आला. इस्लेताचे मिगेल त्रुहियो हे शिक्षक दुसऱ्या महायुद्धात मरीन दलात होते. परत आल्यावर त्यांना मतदार म्हणून नोंदवून घेतले गेले नाही. ते कोर्टात गेले आणि १९४८ मध्ये जिंकले. आपल्याकडे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली त्याच्या जेमतेम तीन वर्षे आधीची ही गोष्ट.

गावाचा माणूस कोण, हे गाव ठरवते. यावरून सांता क्लाराचा एक खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तिथल्या १९३९ च्या नियमाप्रमाणे गावच्या पुरुषाने बाहेरची बायको केली तर त्यांची मुले गावची, पण बाईने बाहेरचा नवरा केला तर तिची मुले गावची नव्हेत. जुलिया मार्तिनेझ यांचे पती नावाहो होते. मुले गावात वाढली, तेवा बोलत, सण पाळत, आणि तरीही त्यांची नोंद होईना. १९७८ मध्ये कोर्टाने सांगितले की यात आम्ही पडणार नाही, गावाने ठरवावे. सार्वभौमत्वाचा विजय म्हणून हा निकाल कायद्याच्या कॉलेजात शिकवतात. त्या आईच्या बाजूने वाचला की तो एवढा गोड लागत नाही.

भाषा लिहायची की नाही?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी बोर्डिंग शाळा निघाल्या, १८८१ मध्ये अल्बुकर्कीला, १८९० मध्ये सांता फेला. मुलांना घरापासून तोडून आणत, केस कापत, आणि घरची भाषा बोलल्यास शिक्षा करत. सांता फेची शाळा आज प्वेब्लो लोक स्वतः चालवतात, पण मधल्या दोन-तीन पिढ्यांत अनेक घरांतले बोलणे इंग्रजी झाले.

भाषा टिकवायची म्हणजे आपण काय करतो? पुस्तके मागवतो, बाराखडीचे तक्ते लावतो, शाळेत शुद्धलेखन घालतो. ओके ओविंगेच्या एस्थर मार्तिनेझ (१९१२–२००६) यांनीही हाच मार्ग घेतला. त्यांनी तेवाचा शब्दकोश तयार केला, मुलांना गोष्टी सांगितल्या, अनेक वर्षे शिकवले. २००६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय सन्मान स्वीकारून परतताना मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आदिवासी भाषांच्या शाळांना मदत देणारा कायदा त्यांच्या नावाने झाला.

कोचितीने मात्र आपली भाषा लिहायचीच नाही असे ठरवले. हेमेझनेही तेच. पूजाविधी, गाणी आणि भाषा हे तिथे एकमेकांत विणलेले आहे. लिहिले की ते कुणाच्याही हाती जाते, आणि बाहेरून आलेल्या अभ्यासकांनी गुप्त गोष्टी छापून टाकल्याचा अनुभव या गावांनी घेतलेला आहे. मग शिकवायचे कसे? बोलून. कोचितीत २०१२ मध्ये लहान मुलांसाठी मॉन्टेसरी पद्धतीची एक शाळा सुरू झाली, तिथे शिक्षक मुलांशी केरेसमध्येच बोलतात. पाटी नाही, पुस्तक नाही.

आम्हाला हा निर्णय प्रथम आडमुठेपणाचा वाटला. लिहिल्याशिवाय भाषा टिकेल कशी, हा आपला हाडाचा समज. पण हेमेझ हे तोवा बोलणारे जगातले एकच गाव, आणि तिथे ही न लिहिलेली भाषा इतर अनेक प्वेब्लोंपेक्षा चांगली टिकून आहे. इथे आणखी एक फरक जाणवला. आपल्या मुलांचे मराठी सुटले तर दुःख घरापुरते असते, कारण तिकडे आठ कोटींहून अधिक लोक ती बोलत आहेत. हेमेझच्या मुलांनी तोवा सोडली तर ती बोलणारे दुसरीकडे कुणीच नाही.

आणि स्थलांतर केलेल्यांचे काय? त्याचेही एक उदाहरण यांच्यात आहे. १६९६ च्या बंडानंतर तेवा लोकांचा एक गट पश्चिमेला होपींच्या मुलखात गेला आणि हानो नावाच्या वस्तीत राहिला. होपींनी त्यांना लढवय्ये म्हणून बोलावले असे ते सांगतात. त्यांनी होपींशी लग्ने केली, होपी भाषा शिकली, सण वाटून घेतले, पण घरात तेवा ठेवली. तीनशे वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले तर त्यांच्या तेवात होपी शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. "आमची मुले तुमची भाषा बोलतील, पण तुम्हाला आमची येणार नाही," असे आपण होपींना आल्या आल्याच बजावले होते, ही त्यांची आवडती कथा. प्रसिद्ध कुंभार नाम्पेयो (आई तेवा, वडील होपी) याच हानोची. सतराव्या शतकातच तंजावरला गेलेल्या आपल्या मराठी मंडळींची आठवण इथे होतेच. त्यांनीही मराठी टिकवली, फक्त तिच्यात तमिळ शब्द सढळ हाताने येऊ दिले. दोन्ही तऱ्हांनी भाषा तीनशे वर्षे गेली.

जाणार असाल तर

अल्बुकर्कीतले इंडियन प्वेब्लो कल्चरल सेंटर (१९७६ पासून) १९ गावांनी मिळून चालवले आहे, सुरुवात तिथून करा. ॲकोमा तिथून पश्चिमेला सुमारे ६० मैल. वर गाइडबरोबरच जाता येते. ताओसचे जुने गाव १९९२ पासून जागतिक वारसा आहे, आणि त्याच्या तटाच्या आत अजून वीज आणि नळ घेतलेले नाहीत. हिवाळ्याच्या अखेरीस काही आठवडे ते बाहेरच्यांना बंद असते, म्हणून आधी फोन करा.

सणाच्या दिवशी गेलात तर फारच उत्तम. सँटो डोमिंगोचा मक्याचा नाच ४ ऑगस्टला, ॲकोमाचा सण २ सप्टेंबरला, ताओसचा ३० सप्टेंबरला, हेमेझचा १२ नोव्हेंबरला. कॅमेरा आणि फोन गाडीतच ठेवा, या दिवशी फोटो चालत नाहीत. नाच संपल्यावर टाळ्या वाजवू नका, ती पूजा आहे. किवेच्या शिडीवर मुलांना चढू देऊ नका. कुणी घरी जेवायला बोलावले तर नाही म्हणू नये. मोठ्या टेबलावर पंगतीमागून पंगत बसत असते, लाल मिरचीचा रस्सा असतो (बहुधा मांसाचा, शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावे), मातीच्या घुमटाकार भट्टीतला पाव असतो. पोटभर जेवा, यजमानीणबाईंचे आभार माना, आणि गप्पा मारत बसू नका. दाराशी पुढची पंगत उभी असते.